पुठ्ठ्यावरचे डाग

लोणावळ्यात दत्तजयंतीच्या आसपास एक सकाळ अशी उगवते, की पांघरुणातून पाय बाहेर काढताना फरशीची धास्ती वाटते. यंदा ती सकाळ आली तेव्हा आमच्या घरामागच्या उतारावर कुणाच्या तरी बंगल्यासाठी डोंगर कापायला सुरुवात झाली होती. पावणेआठला पोकलेनचा सेल्फ वाजला. इंजिन दोनदा खोकलं, मग धरलं, आणि पुढच्याच क्षणी कुणीतरी त्याला सणसणीत रेस दिली. मी हातातला चहा ओट्यावर ठेवून खिडकीशी गेले. धुक्यात पांढरा धूर मिसळत होता आणि त्यातून मशीनचा लांब हात, ज्याला बूम म्हणतात, वर उचलला जात होता.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"तापूच दिलं नाही त्यानं."

त्यानं पेपर पुढे ओढला. दर हिवाळ्यात एकदा तरी मी अशी खिडकीशी उभी राहते, हे त्याला माहीत आहे.

त्या ऑपरेटरला मी ओळखत नाही. त्याचं तोंडही मला दिसलेलं नाही. तरी बूमखाली कुणी उभं आहे का, मशीनच्या पोटाखालची माती ओली दिसते का, हे पाहिल्याशिवाय मला चहा गेला नाही. ही नजर मला एका हिवाळ्यानं दिली. संशय घ्यायची खोड मात्र त्याआधीचीच. ती मी तळेगावहून, माझ्या इंजिनिअरच्या पहिल्या नोकरीतून, एका साइटवर बरोबर घेऊन गेले होते.

काम छोटंच होतं. कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथून आत एका वाडीपर्यंत रस्ता रुंद करायचा आणि ओढ्यावर सिमेंटचे पाईप टाकून मोरी बांधायची. साइट पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या नावावर होती. निघताना वरिष्ठांनी सल्ला दिला होता, "ऑपरेटर काय सांगेल त्यातलं निम्मंच खरं धर. आणि बाई आहेस म्हणून त्याहून कमी धर." मी तो सल्ला मनाच्या पाटीवर कोरूनच घेतला.

भातं कापून झाली होती. खाचरांत नुसते धसकटांचे खुंट आणि मधूनमधून मसुराची कोवळी हिरवळ. सकाळी सगळ्या खोऱ्यात धुकं असं साचायचं, की लोहगडाचा माथा तेवढा वर तरंगताना दिसायचा. रविवारी लोहगडवाडीला जाणाऱ्या पोरापोरींच्या गाड्या फाट्यावरून जायच्या, बाकी सगळा आठवडा शांतता. त्या शांततेत पेंढ्यांचा वास, शेणाच्या धुराचा वास आणि डिझेलचा वास असे तीन वास एकमेकांत न मिसळता वेगवेगळे नाकाला यायचे. गुलाबी थंडी वगैरे लोक म्हणतात. मला ती थंडी राखाडीच आठवते.

मशीनवर सखाराम आबा होते. पन्नाशी उलटलेले, कामशेतपलीकडच्या गावचे, घरची भातशेती भावांवर टाकून पंचवीसेक वर्षं मशीनवर बसलेले. कानाला तपकिरी मफलर, अंगात दोन शर्ट, आणि चेहरा असा की समोरचा माणूस आपल्याला फसवणार हे त्यांना आधीच कळलंय. मी पहिल्या दिवशी "नमस्कार आबा" म्हटलं, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "व्हय" एवढंच म्हणाले.

काम आठला सुरू व्हायचं. आबा सातला यायचे. तरी बकेट मातीला लागायला सव्वाआठ, कधी साडेआठ. मधला सगळा वेळ हा माणूस करतो तरी काय, हे पाहायला तिसऱ्या दिवशी मीही सातला जाऊन उभी राहिले. ते लांबूनच मशीनकडे पाहत आले. जवळ येऊन तिच्याभोवती एक फेरी मारली, सावकाश, एका बाजूनं. चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांत अडकलेला दगड काढला. वाकून खाली पाहिलं. तेलाची कांडी काढून फडक्यानं पुसली, परत घालून काढली, बोटावर तेल घेऊन वास घेतला. रेडिएटरचं झाकण उघडलं. डिझेलच्या फिल्टरखालचा नळ सैल करून थोडं डिझेल एका बाटलीत काढलं आणि बाटली उजेडाकडे धरून बघत राहिले. मग मशीनच्या पोटाखाली हात घालून एक पुठ्ठा ओढून काढला. खोक्याचा फाडलेला, साधा पुठ्ठा. त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, इकडेतिकडे नजर टाकली आणि केबिनमध्ये चढून तो सीटखालच्या खणात सरकवला.

सापडलं, असं वाटलं. काय सापडलं ते माहीत नव्हतं.

"काय ठेवलंत, आबा?"

"पुठ्ठा हाय, मॅडम."

"कशाला?"

"असाच."

नंतर ते सीटवर बसले, पट्टा लावला, बाजूची लाल दांडी तपासली. ती दांडी वर असली की बूम, बकेट काही हलत नाही. दोनदा हॉर्न दिला, आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहिलं, सेल्फ मारला. इंजिन धरल्यावर रेस अजिबात दिली नाही. मशीन नुसती गुरगुरत राहिली आणि आबा हाताची घडी घालून धुराकडे पाहत बसले. पांढरा धूर पातळ झाला, दिसेनासा झाला, तरी ते बसूनच. बऱ्याच वेळानं लाल दांडी खाली केली आणि बकेट हळूहळू उघड-मीट केली, बूम थोडा वर, थोडा खाली, मशीन दोन हात पुढे, दोन हात मागे. रात्रभर आखडलेलं अंग म्हातारा माणूस सोडवतो तसं.

"एवढा वेळ लागतोच का?" मी विचारलं.

"तेल गार हाय, मॅडम. गार तेल घट असतं. दामटलं तर तेलाचा पाईप फुटतो न्हाईतर इंजिन बसतं."

उत्तर बरोबर होतं. माझ्या पुस्तकात तेच लिहिलेलं होतं. पण मी त्यातलं निम्मंच धरलं.

संशयाला खतपाणी घालायला साइटवर विलास मुकादम होता. चाळिशीचा, बोलायला गोड, मशीनसकट चार कामं शिकलेला आणि चारही अर्धी. तो एकदा हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, आबाच्या घरी मळणी चाललीय. मशीन बंद पडली की ह्यांना सुट्टी. तुमी नव्या हाय म्हणून सांगतो." झालं. त्यानंतर आबांनी मफलर सोडला तरी मला त्यात काहीतरी दिसायचं. ते पारूबाईशी बोलायचे त्याचाही मला संशय यायचा. पारूबाई वाडीतली, कामावरची मजूर. पाईप बसवताना बाजूनं धरायला ती आणि तिची जाऊ असायच्या, आणि सगळ्यांचा चहाही तीच करायची. आबा तिला काय सांगतात म्हणून मी एकदा मागे जाऊन उभी राहिले. ते सांगत होते, की मशीन चालू असताना केबिनच्या मागनं यायचं न्हाई, मला दिसंल असं समोरनं यायचं. मी परत फिरले, पण मनातून काही काढून टाकलं नाही.

डिसेंबर सरता सरता आबा स्वतःहून माझ्याकडे आले. पहिल्यांदाच.

"मॅडम, डाव्या अंगाचा बूमचा होज पाईप, तेलाचा, बदलाया पायजे. दिवाळीपास्नं पाझरतोय."

"मला तर काही दिसलं नाही."

"चालू असताना दिसत न्हाई. रातीत थेंब पडतो."

मी ऑफिसला फोन केला. तिथला मेकॅनिक हसला. "सखाराम ना? तो प्रत्येक साइटवर हेच सांगतो. त्याला सगळ्याच पाईपांचा संशय असतो." मीही फोनवर हसले. ते हसणं आबांनी ऐकलं. ते वळून गेले आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतंही कमीच बोलले. मी त्यांच्याबद्दल जे धरून चालले होते, तसंच काहीसं तेही माझ्याबद्दल धरून चालले असणार. ह्या बाईला सांगून उपयोग न्हाई. त्यांचं धरून चालणं निदान त्या दिवशी तरी खरं ठरलं होतं.

मग जानेवारीतली ती सकाळ. धुकं इतकं की फाट्यावरून मशीन दिसत नव्हती, नुसता पिवळा डाग. खाचरांच्या बांधांवर दव पांढरं झालं होतं. साडेआठला तपासणीला साहेब येणार होते आणि त्याआधी मोरीचा शेवटचा पाईप बसलेला दिसायला हवा, असा ऑफिसचा निरोप रात्रीच आला होता. त्यात पाईप आणणारा ट्रॅक्टर ओढ्यात रुतल्यानं सगळं मागे पडलेलं. आठला दहा कमी असताना मी आबांना म्हटलं, "आज ते सगळं राहू द्या. सरळ पाईप उचला."

आबांनी नुकतंच इंजिन चालू केलं होतं. त्यांनी ते बंद केलं आणि खाली उतरले. उतरतानाही मशीनकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून, रोजच्यासारखे.

"वीस मिनिटं थांबा, मॅडम."

"वीस मिनिटं नाहीत माझ्याकडे."

"गार हाय समदं. आन् त्यो होज पाईप मी सांगितलेला हाय तुमाला. वजन घिऊन आज न्हाई उचलणार मी असं."

विलास बाजूलाच उभा होता. दोन-चार मजूर बघत होते. मला वाटलं, हा माणूस सगळ्यांसमोर माझी परीक्षा घेतोय. वाटलं, हाच तो दिवस, ज्यासाठी हे सगळं चाललं होतं. कसला दिवस, कसलं चाललं होतं, कोण जाणे. मी हात पुढे केला.

"किल्ली द्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तेलाच्या कांडीकडे पाहायचे तसं. मग किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. ती मी विलासला दिली.

आबा रुसून बाजूला बसले नाहीत. ते सरळ मजुरांकडे गेले. "पारू, हो मागं. तुजी जाऊ कुटं हाय? समदी त्या करंजाच्या झाडापल्याड. चला, चला."

"आबा, तमाशा नको," मी ओरडले. "पाईप कोण धरणार?"

पारूबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. आणि ती आबांच्या मागून गेली. तिच्यामागून बाकीचे. मी तेव्हा चिडून लाल झाले होते.

विलासनं सेल्फ मारला, इंजिन धरलं, आणि त्यानं पूर्ण रेस दिली. काळा-पांढरा धूर झाला. पट्ट्यानं बांधलेला सिमेंटचा पाईप जमिनीपासून उठला, छातीएवढा झाला, डोक्याएवढा झाला. मग बंदुकीचा बार काढावा तसा आवाज आला. बूमच्या डाव्या बाजूनं तेलाचा फवारा उडाला आणि तो सगळा हात, पाईपासकट, खाली आला. पाईप दगडांवर आपटून फुटला. तुकडे उडाले. पारूबाई आणि तिची जाऊ रोज जिथे उभ्या राहायच्या, त्या जागेवर बूम पडलेला होता.

विलास केबिनमध्ये थिजून बसला होता आणि तेल उडतच होतं. एकजण धावत पुढे निघाला, त्याला आबांनी मफलरनंच अडवलं. "त्या धारेला हात लावू नगं! चामडी फोडून आत शिरतं ते! विलास, किल्ली फिरव! बंद कर!" इंजिन बंद झालं. मग इतकी शांतता झाली की धसकटांवर ठिबकणारं तेल ऐकू येत होतं. आबा खाली बसले. सिमेंटचा एक टवका त्यांच्या गुडघ्याला लागला होता आणि पायजम्यातून रक्त झिरपत होतं. त्यांनी तोच मफलर गुडघ्याला बांधला. पारूबाई मोठ्यानं रडत होती.

साहेब आलेच नाहीत त्या दिवशी.

दुपारी ऑफिसचा फोन आला. "मशीनवर ऑपरेटर कोण?"

"सखाराम."

"मग तेवढंच लिही. ऑपरेटरचा निष्काळजीपणा."

मी लिहिलं. हजेरीवर त्यांचं नाव होतं, म्हणजे शब्दाशब्दानं पाहिलं तर खोटं नव्हतं, अशी मी माझीच समजूत घातली. संध्याकाळी आबांना कामावरून कमी करून घरी जायला सांगण्यात आलं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते म्हणून लोहगडाकडे बघत होते. ऊन उतरलं होतं. ते लंगडत फाट्याकडे गेले आणि कामशेतकडे जाणाऱ्या टेंपोत बसले.

चार दिवसांनी मेकॅनिक नवा होज पाईप घेऊन आला. तो खाली काम करत असताना मी केबिनमध्ये चढले आणि सीटखालचा खण उघडला. आत पुठ्ठे होते. मी ते ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन टेबलावर, मग टेबल पुरेना म्हणून जमिनीवर, ओळीनं मांडले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात कोळशानं तारीख घातलेली होती. पहिल्यावर मोहरीएवढा एक डाग. पुढच्या आठवड्यात वाटाण्याएवढा. मग दोन डाग, मग ते एकत्र आलेले. शेवटच्या पुठ्ठ्यावर, त्या सकाळच्या, हाताच्या पंजाएवढं काळं वर्तुळ होतं आणि तेल अजून पुरतं सुकलेलं नव्हतं. दोन महिने तो माणूस रोज संध्याकाळी मशीनखाली कोरा पुठ्ठा सरकवत होता आणि रोज सकाळी काढून पाहत होता, आणि मी दुरून त्याला पाहत होते. आम्ही दोघं एकाच मशीनपाशी पहारा देत होतो.

त्या खोलीत मी किती वेळ उकिडवी बसले होते, आठवत नाही. मेकॅनिक हात पुसत दारात आला. त्यानं पुठ्ठे पाहिले. त्याला ते काय आहेत हे लगेच कळलं. तो परत बाहेर गेला.

मी दुसरा अहवाल लिहिला. ऑपरेटरनं होज पाईपाबद्दल आधी सांगितलं होतं. त्यानं मशीन तापल्याशिवाय वजन उचलायला नकार दिला होता. किल्ली मी काढून घेतली आणि दुसऱ्याला दिली. माणसं वाचली ती ऑपरेटरनं त्यांना मागे नेलं म्हणून. खाली सही. वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "काय लिहिलंयस, कळतंय का तुला?" मी म्हटलं, कळतंय. साइट माझ्याकडून काढून घेतली, मला पुण्याच्या ऑफिसात बसवलं आणि उन्हाळा लागायच्या आत मी तिथून बाहेर पडले. याचं दुःख मी मिरवत नाही. पारूबाईचं डोकं शाबूत होतं, यापुढे बाकीचं काय सांगायचं?

आता कधी वडगावला कोर्टाच्या किंवा तहसीलच्या कामाला गेले, की रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मशिनी दिसतात. मी चालता चालता वाकून खाली पाहते. लोक बघतात. संशय मी अजूनही घेते, उलट वाढलाच आहे. फक्त आता बोट ठेवायला जागा असल्याशिवाय मला तो सुचत नाही: हा सांधा, तो नळ, ही ओली माती. माणसांच्या बाबतीत मात्र अजून चुकते. परवाच घरकामाच्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत, तर माझ्या मनात काय काय येऊन गेलं. त्यांना ताप होता.

त्या हिवाळ्याच्या शेवटी, माघात, मी आबांच्या गावी गेले. कामशेतला उतरून रिक्षा केली. मळण्या केव्हाच आटपल्या होत्या, अंगणात पावट्याच्या शेंगा वाळत घातल्या होत्या आणि आबा एक पाय लांब करून त्या सोलत बसले होते. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं. "आता आनी काय लिवून आणलंय?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. आबांनी सुपानं बाजूची जागा झाडली.

"बसा."

मी बसले. त्यांना कामावर परत बोलावणं आलं होतं, ते गेले नव्हते, हे मला माहीत होतं. गुडघा वाकत नव्हता. मी जे बोलायचं ठरवून गेले होते ते बोलले. चुकलं म्हटलं, दुसऱ्या अहवालाचं सांगितलं, पुठ्ठे पाहिल्याचं सांगितलं. ते ऐकत होते आणि शेंगा सोलत होते. आतून चहा आला. माझा कप त्यांच्या बायकोनं माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला.

"मॅडम, येक इचारू?" हातातली शेंग सोलता सोलता आबा म्हणाले.

"विचारा ना."

"तुमी किल्ली मागितली तवा माज्यावर तुमाला संशय व्हता. त्ये मला दिसत व्हतं. पयल्या दिसापास्नं दिसत व्हतं. पर कशाचा? मी काय करतोय असं वाटलं व्हतं तुमाला?"

मी तोंड उघडलं. डिझेल, म्हणणार होते, पण डिझेल कधीच कमी भरलं नव्हतं. कामचुकारपणा म्हणावं, तर ते एक तास आधी यायचे. सुट्टी म्हणावं, तर त्या दोन महिन्यांत त्यांनी एकही घेतली नव्हती. मी एकेक आठवत गेले आणि एकेक हातातून सुटत गेलं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या. चहावर साय धरली.

"माहीत नाही, आबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. सोललेले दाणे सुपातून पाटीत ओतले, दुसरा ढीग पुढे ओढला आणि त्यातल्या मूठभर शेंगा माझ्यासमोर सरकवल्या.

"कळलं तर सांगा," ते म्हणाले. "तवर सोला."